अहो, जरा बाजूला व्हा!

मराठीत नुसतं बघत उभ्या राहणाऱ्या माणसाला दोन नावं आहेत. सूर्यास्त बघत उभा राहिला तर तो ‘रसिक’ आणि जेसीबी खड्डा खणत असताना बघत उभा राहिला तर तो ‘बघ्या’. दोघांचेही पाय सारखेच दुखतात, दोघांचीही कामं सारखीच खोळंबतात आणि घरी गेल्यावर दोघांनाही ‘कोथिंबीर कुठाय?’ हा एकच प्रश्न विचारला जातो. तरी पहिल्याच्या हातून कविता होईल अशी समाजाला आशा असते आणि दुसऱ्याकडे बघून हवालदार शिट्टी फुंकतो. हा शुद्ध अन्याय आहे. सूर्य मावळतो त्यात त्याचं कर्तृत्व काय? तो बापडा जागचा हलतही नाही. फिरतो ते आपण. उलट जेसीबीवरचा तो विशीतला पोरगा दोन दांडे इकडेतिकडे करतो आणि पोलादी पंजाने धोंडा असा अलगद उचलतो, की आजीने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलावा! हे बघायचं नाही तर बघायचं काय? २०१९ साली जेसीबीची खुदाई बघायला जमलेल्या गर्दीची चित्रं देशभर फिरली आणि लोक पोट धरधरून हसले. मला हसू आलं नाही. त्या गर्दीत मला माझे सगेसोयरे दिसत होते.

तर वाचकहो, मी बघ्या आहे. त्यातही चित्रविचित्र गाड्या आणि यंत्रं बघणारा, त्यांचे फोटो जमवणारा आणि ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय अन्न गोड न लागणारा, अशा पोटजातीचा. आणि या पोटजातीचं नांदेडात एक मंडळही आहे. मंडळ म्हटलं की वर्गणी, अध्यक्ष आणि फूट या तीन गोष्टी आल्याच. पण आमच्यात त्यांतली एकही नाही, कारण आम्ही मुळात पाचच जण. रविवारी सकाळी स्टेशनाजवळच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही जमतो. एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फोरमनसाहेब, एक डॉक्टर, एक बँकवाले, प्रस्तुत लेखक आणि लातूरचे मास्तर. मास्तर महिन्यातून एकदा लेकीला भेटायला म्हणून नांदेडला येतात आणि स्टेशनावर उतरून आधी टपरीवर येतात. लेकीला अजून वाटतं की गाडीच लेट असते.

पूर्वी कार्यक्रम अल्बमचा असे. काळ्या जाड पानांवर चिकटवलेले फोटो, वर फडफडणारा पातळ कागद, आणि चहाचा डाग पडू नये म्हणून फोरमनसाहेबांनी धरलेला जीव. आता सगळं मोबाइलच्या पडद्यावर आलं आहे, त्यामुळे डाग पडत नाही, पण बोट लागून फोटो पळतो. बाकी रीत तीच. एकाने फोटो ठेवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा, आणि मग अर्धा तास त्याच्यावर असं बोलायचं की शेजारच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाने चहा अर्धा टाकून उठावं.

एकदा डॉक्टरांनी निजामाच्या काळातल्या बसचा फोटो आणला. निजामाच्या रेल्वे-खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी रस्त्यावरची बससेवा सुरू केली, त्या घराण्यातली ही गाडी. फोरमनसाहेबांनी नुसतं नाक बघून ‘आल्बियन’ असं कुळ सांगितलं. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनाही इतक्या झटकन गोत्र सांगता येत नाही. बँकवाल्यांनी तीन चाकांचा जुना टेम्पो आणला, लोक ज्याला प्रेमाने ‘डुक्कर’ म्हणत तो. ‘टेम्पो’ हा शब्द आपण हळदी-कुंकवाइतका मराठी समजतो, पण तो मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीचा. १९५८ नंतर भारतात त्या गाड्या बनू लागल्या आणि शब्द आपल्याकडे घरजावई झाला. अशी ज्ञानचर्चा आमच्याकडे चालते. घरी मात्र या ज्ञानाला भाव नाही. “नव्वद वर्षांपूर्वीची बस ओळखता, आणि मिक्सरचं भांडं तीन आठवड्यांपासून गळतंय ते ओळखू येत नाही का?” असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं. त्याला उत्तर आहे, पण ते मोठ्याने देण्याचं धाडस मंडळात कोणाकडेच नाही.

इथपर्यंत सगळा निर्मळ आनंद. पण पाच माणसं जमली की सहावा म्हणून नीतीचा प्रश्न येऊन बसतोच, आणि तो स्वतःच्या चहाचे पैसेही देत नाही.

हा प्रश्न आमच्याकडे आला तो फोरमनसाहेबांच्या एका नियमातून. फोटोत माणूस नको, असा त्यांचा दंडक. इंजिन काढायचं तर इंजिन; त्याला टेकून हसणारा मेव्हणा नको. ट्रक काढायचा तर ट्रक. चाकावर पाय ठेवून उभा राहिलेला क्लीनर नको. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून नांदेडला गाड्या येतात. त्यांतले काही ट्रक असे सजवलेले असतात की आपल्याकडच्या नवरदेवाने लाजून घोड्यावरून उतरावं. असा एखादा ट्रक दिसला की फोरमनसाहेब हात जोडून, अत्यंत अदबीने चालकाला सांगतात, “अहो सरदारजी, जरा बाजूला व्हा. गाडीचा फोटो काढायचाय.” ज्या माणसाने ते झुंबर, ते गोंडे, ते आरसे वर्षानुवर्षं जमवले, तो मुकाट्याने बाजूला होतो, आणि त्याच्याशिवायची त्याची गाडी आमच्या संग्रहात येते.

डॉक्टरांना हे पटत नसे. त्यांचं म्हणणं, माप कळण्यासाठी तरी माणूस हवा. बँकवाले तटस्थ, बँकेत चाळीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय होणार? मी डॉक्टरांच्या बाजूचा, पण माझी कारणं वेगळी. ती मला स्वतःलाही नीट सांगता येत नव्हती. ती मला अहमदपूरच्या अलीकडे एका शेतकऱ्याने सांगितली, तीही एका वाक्यात.

झालं असं की मास्तरांच्या घरच्या कार्याला म्हणून आम्ही चौघे नांदेडहून लातूरला निघालो होतो. लोहा मागे पडलं, आणि रस्त्याकडेला एक अपूर्व वस्तू उभी दिसली. पुढचं तोंड मोटारसायकलचं, मागचं अंग बैलगाडीचं, आणि मध्ये पोटात विहिरीवरचं डिझेल इंजिन. नरसिंहाच्या अवतारात दोनच प्राणी होते, इथे तीन. फोरमनसाहेबांनी चालत्या गाडीचं दार उघडलं म्हणजे त्यांची अवस्था कळावी. गाडीवर सोयाबीनची पोती होती आणि तिच्या चाकाला खेटून, एक पाय दगडावर रोवून, पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते.

“रामराम मामा. जरा बाजूला व्हा ना, फोटो काढायचाय.”

मामा हलेनात.

“दोनच मिनिटं हो. फक्त गाडीचा काढायचाय.”

“अहो साहेब,” मामा म्हणाले, “मी बाजूला झालो तर गाडी बी बाजूला जाईल. उताराला लागलीय. हिला ब्रेक न्हाई. ब्रेक मीच हाय.”

तो फोटो आमच्या संग्रहात आहे. मामांसकट. फोरमनसाहेबांच्या कारकिर्दीतला हा पहिला समनुष्य फोटो. परतीच्या वाटेवर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “पुलीचं प्रमाण मात्र बरोबर साधलंय त्याने.” याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांनी आजवर कुणाला दिलेलं नाही.

तो फोटो आम्ही ज्याला ज्याला दाखवला तो तो हसला. माझी तक्रार हसण्यावर नाही. विनोदी लिहिणाऱ्याने हसण्यावर तक्रार करणं म्हणजे हलवायाने साखरेवर तक्रार करण्यासारखं. पण त्या हसण्यात दोन जाती होत्या. एक हसून म्हणे, “काय डोकं चालवलंय पठ्ठ्याने!” दुसरा हसून म्हणे, “काय एकेक नमुने असतात!” पहिलं हसू मामांच्या शेजारी उभं राहून आलेलं आणि दुसरं गाडीच्या काचेआडून. मला वाटायचं, पहिलं चांगलं, दुसरं वाईट, झाला निवाडा. पण मास्तरांनी तेवढ्यावर सुटू दिलं नाही. “डोकं चालवलं म्हणून त्याचं कौतुक करायलाव ते बराबर हाय,” ते म्हणाले, “पण कौतुक करून आपण मोकळे, आन् मामा तिथंच. ब्रेक कुठं मिळाला त्याला?” कौतुक ही फार स्वस्त वस्तू आहे. एखाद्याच्या हुशारीला आपण इतक्या मोठ्याने वाहवा म्हणतो, की त्याला ही हुशारी का करावी लागली हा प्रश्न त्या आवाजात ऐकूच येत नाही.

बोअरच्या गाडीचंही असंच. मराठवाड्यात उन्हाळा आला की आंबे यायच्या आधी तामिळनाडूच्या पाटीच्या या गाड्या येतात. सेलमजवळचं तिरुचेनगोडे हे त्यांचं माहेर. त्या एका गावच्या गाड्या देशभर जमिनीला भोकं पाडत हिंडतात. यंत्र म्हणून ही गाडी थोर आहे. ट्रकवर आडवी निजलेली ती लोखंडी शिडी उभी राहते, एकामागून एक रॉड जमिनीत जातो, कॉम्प्रेसरची गर्जना होते आणि भोकातून पांढऱ्या भुकटीचा फवारा उडतो. रात्रीच्या वेळी, दिव्यांच्या झोतात, अख्खं गाव जमलेलं असताना हा देखावा बघावा. गावच्या जत्रेतल्या पाळण्याला इतकी गर्दी नसते.

अशा एका रात्री आम्ही कंधारकडच्या एका शेतावर गेलो होतो. आम्ही सगळे मान वर करून शिडीकडे बघत होतो. शेताचा मालक मात्र खाली बघत होता. वीस फुटांचा एक रॉड गेला की तो बोटाचं एक पेर मोजी. फुटामागे दर ठरलेला, त्यामुळे रॉड खाली जात होता तसं कर्ज वर येत होतं. आणि त्याचे डोळे त्या भुकटीवर होते. ती कोरडी उडते की ओली होऊन पडते, एवढंच त्याला बघायचं होतं. एकाच यंत्राकडे आम्ही दोघेही टक लावून बघत होतो. पण आम्ही बघत होतो ते यंत्र आणि तो बघत होता ते मुलीचं लग्न. त्या क्षणी मी शिडीवरची नजर काढली नाही, पण ती शिडी मला आधीइतकी उंच वाटेना. आणि एक गोष्ट त्या फोटोत कधीच येत नाही: शेजारच्या शेतातलं तीनशे फुटांवरचं पाणी या शेतातल्या सहाशे फुटांच्या भोकात उतरतं, मग शेजारी आठशे फूट जातो. यंत्राची ताकद वाढते तसं पाणी खाली पळतं. उंदराने बीळ खोल केलं म्हणून मांजराने हात लांब करावेत, तसा हा खेळ. फक्त यात उंदीरही आपण आणि मांजरही आपण.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती लातूरची आहे.

लातूरला जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे हे आमच्या मंडळाचं कुलदैवत. अडीच फूट रुंदीचा रूळ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने ती आखली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढी ती सुरू झाली. पुढे एकीकडे १९११ साली लातूरला आणि दुसरीकडे पंढरपूरवरून १९२७ साली मिरजेला पोचली. या कॅलथ्रॉपचं डोकं अफाट. गाडीचा भार प्रत्येक आसावर सारखा, पाच टनांपुरताच टाकायचा, म्हणजे हलका, स्वस्त रूळ पुरतो, ही त्याची युक्ती. बार्शीला जे साधलं तेच त्याने १९०४ साली इंग्लंडातल्या लीक आणि मॅनिफोल्ड नावाच्या चिमुकल्या रेल्वेत वापरलं. पुढे याच गृहस्थाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवलं आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. इंग्लंडातली ती गाडी १९३४ सालीच बंद पडली, पण तिच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती करणारे हौशी लोक तिकडे अजून आहेत. म्हणजे तिकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला बार्शी कुठे आहे हे ठाऊक असतं आणि पुण्याच्या तरुणाला ते नकाशात शोधावं लागतं.

या गाडीचे फोटो निघाले की आम्ही हळवे होतो. काय ते गोजिरवाणे डबे, काय ती डुलत चालण्याची ढब! एकदा असंच आमचं भजन रंगात आलेलं असताना मास्तर म्हणाले, “गोजिरी होती हे खरं. पण तुम्हांला तिच्यातून बाळंतीण दवाखान्याला न्यायची नव्हती.” भजन थांबलं. लातूरकरांनी रुंद रुळासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. २००७-०८ मध्ये तो आला तेव्हा त्यांनी गुलाल उधळला, आणि त्याच वेळी दूरदेशीचे हौशी लोक ‘एक सुंदर गोष्ट संपली’ म्हणून उसासे टाकत होते. दोघेही खरे. पण उसासा टाकणाऱ्याला त्या गाडीने कुठे जायचं नव्हतं, हा फरक राहतोच.

आणि मग २०१६ साल उजाडलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावं लागलं. दंगल होऊ नये म्हणून जे कलम तेव्हा लावत, ते घागरींसाठी. आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला आली. दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास टाक्यांची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. नाव ‘जलदूत’. ऑगस्टपर्यंत तिने शंभराहून अधिक फेऱ्या केल्या.

आता आमच्यासारख्या माणसांच्या दृष्टीने याहून विलक्षण गाडी कोणती? नदी चाकांवर घालून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास नेलेली! तेलाच्या टाक्या राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन घेतलेल्या. मिरजेच्या हैदरखान विहिरीतून पाणी भरायची व्यवस्था. आणि वाट कुठली, तर मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर; इकडेतिकडे वळणं बदलली असतील, पण ही आमच्या कॅलथ्रॉपचीच वाट! फोरमनसाहेबांनी टपरीवर बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. एका टाकीत पन्नास टन पाणी, चार आस; म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येक आसावर साडेबारा टन. जुन्या रुळाची ताकद पाच टन. ती गोजिरी गाडी राहिली असती तर हे पाणी येऊच शकलं नसतं. मास्तरांच्या त्या बाळंतिणीच्या वाक्याला याहून मोठा पुरावा नको.

त्या दिवसांत फोटोंचा पूर आला. पाण्याचा दुष्काळ आणि फोटोंचा पूर. पन्नास टाक्यांची ती लांबलचक रांग वळणावरून, पुलावरून, सूर्योदयाच्या वेळी. (हो, त्या वेळी रसिक आणि बघ्या एकाच जागी उभे राहिले.) आणि आम्ही चौघांनी मास्तरांना फोन केला. “अहो, तुम्ही तर गावातच आहात. तुमचा फोटो कुठाय?”

पलीकडून मास्तर म्हणाले, “गाडी आली तवा मी टँकरच्या रांगेत होतो.”

आमच्यापैकी जो या गाडीच्या सर्वांत जवळ राहत होता, त्याला ती बघायला सवड नव्हती. कारण ती त्याच्यासाठी होती.

पुढच्या रविवारी टपरीवर पहिल्यांदा मोठा वाद झाला. बँकवाल्यांनी आपल्या धंद्याला शोभेल असा भागाकार केला. लातूर शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीप्रमाणे ३ लाख ८२ हजारांच्या वर. पहिल्या गाडीचं पाणी माणशी वाटलं तर सव्वा लिटरच्या जरा वर, म्हणजे एक तांब्या. पन्नास टाक्यांचं वाटलं तर माणशी साडेसहा लिटर, म्हणजे घागरसुद्धा भरत नाही. एवढं अजस्र यंत्र, आणि शेवटी हातात तांब्या! डॉक्टर म्हणाले, “सलाइनची बाटली लखलखीत आहे म्हणून आजार सुंदर होत नाही. आपण बाटलीचे फोटो काढत बसलोय.” मेमध्ये रेल्वेने वाहतुकीचं सुमारे चार कोटींचं बिल पाठवल्याची बातमी आली, तेही यंत्राचंच अपत्य, पण त्याचा फोटो कुणी मागितला नाही.

फोरमनसाहेब मात्र चिडले. “त्या टाक्या वाफेने धुणारे फिटर होते ना? रात्रीतून व्हॉल्व्ह बसवणारे होते ना? माणूस अडचणीत आहे म्हणून लोखंड धावत आलं, हे बघून आनंद झाला तर त्यात पाप काय? आजार सुंदर नाही, कबूल. पण सलाइन वेळेवर लागली याचा आनंद डॉक्टरला होत नाही का?” याला डॉक्टरांकडे उत्तर नव्हतं. मलाही ते पटलं. आनंद झाला यात पाप नाही. गुजरातेत १९८६ साली राजकोटला रेल्वेने पाणी गेलं, २०१९ साली चेन्नईला गेलं. दरवेळी कुणीतरी रात्र जागवून नळ्या जोडल्या. त्यांच्या करामतीकडे थंडपणे बघणं ही काही थोर नीती नव्हे.

मग फोरमनसाहेबांनी तो नियमही सांगितला, ज्याचं कारण आम्ही कधी विचारलं नव्हतं. “मी माणूस बाजूला करतो तो हलका समजून नाही. यंत्राला लाज नसते हो. त्याला कुठल्याही अवस्थेत टिपा, त्याचं काही जात नाही. माणसाचं जातं. उद्या त्या रांगेतल्या बायकांचे फोटो आणून तुम्ही इथे चहाबरोबर बघणार. ते चालेल?”

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. ते त्या दिवशी आले होते. मास्तर म्हणाले, “आमच्या गल्लीत फोटोवाले आले, तवा बायकांनी पदर तोंडावर घेतला. हंडे मात्र उघडे ठेवले. नंबर जाईल ना.”

आता बोला! माणूस फोटोत घ्यावा तर त्याच्या अडचणीचा तमाशा होतो, आणि बाहेर ठेवावा तर अडचणीची जत्रा होते. माणसाशिवायची पाण्याची गाडी हे एक सुंदर खेळणं आहे, आणि घागरीसकटची बाई हे दुसऱ्याच्या चहाबरोबरचं बिस्किट. नीतिशास्त्राच्या ग्रंथांत अशा वेळी ‘मध्यममार्ग’ सुचवतात. पण अर्धी बाई फोटोत घेणं हा काही मध्यममार्ग नव्हे.

मला वाटतं, चूक फोटोत नाही, ‘बाजूला व्हा’ या दोन शब्दांत आहे. यंत्र बघितलं की मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे चालतं कसं?’ तो चांगला प्रश्न आहे. माणसाला माकडापासून वेगळं करणाऱ्या थोड्या प्रश्नांपैकी एक. पण त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरा भाऊ उभा असतो: ‘हे चालवावं का लागलं?’ पहिल्याचं उत्तर यंत्राजवळ असतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याला आपण बाजूला व्हायला सांगितलं, त्याच्याजवळ असतं. त्याला हाकलून दिलं की अर्धी माहिती चौकटीबाहेर जाते. आणि त्याला न विचारता चौकटीत कोंबलं तर माहिती येते, पण माणूस जातो. मग करायचं काय, तर त्यालाच विचारायचं. एखादा सरदारजी छाती काढून ट्रकपुढे उभा राहील. एखादी बाई म्हणेल, हंड्याचा काढा, माझा नको. एखादे मामा म्हणतील, मला हलताच येत नाही, ब्रेक मीच आहे. प्रत्येकाने आपली जागा आपण सांगायची.

बघ्या आणि रसिक यांतला खरा फरक मला यातच दिसतो. सूर्यास्त की जेसीबी, हा मुद्दाच नव्हे. जो नुसतं बघून निघून जातो तो बघ्या, मग समोर ताजमहाल का असेना. आणि जो बघून झाल्यावर दोन गोष्टी विचारतो, तो गटाराच्या खड्ड्याशी उभा असला तरी रसिक.

मंडळात हा ठराव म्हणून मांडला तेव्हा दोन विरुद्ध दोन अशी मतं पडली, बँकवाले तटस्थ राहिले. पण गेल्या पावसाळ्यात मुखेडच्या रस्त्यावर एक अजब मळणीयंत्र दिसलं आणि फोरमनसाहेब मोबाइल काढून त्याच्या मालकासमोर उभे राहिले. तोंडात सवयीचे शब्द आले असावेत, कारण ते जरा अडखळले. मग म्हणाले, “पाहुणे, फोटो काढायचाय. तुम्ही कुठं उभं राहता?”

पाहुण्यांनी आधी टोपी नीट केली. मग आत जाऊन बायकोला बोलावलं. मग पोराला. मग शेजाऱ्यांना. फोटो निघाला आहे, छान आला आहे. त्यात एकंदर अकरा माणसं, दोन शेळ्या आणि एक सायकल आहे. मळणीयंत्र तेवढं दिसत नाही.